धुक्याची काच

दौंडमध्ये वाढलेल्या माणसाला शांततेत झोप लागत नाही. आमचं घर आणि आण्णांचा स्टुडिओ एकाच छपराखाली होते, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि यार्डात डबे जोडण्याचे आवाज सतत चालू असायचे. आधी लांबून एक धक्का ऐकू यायचा, मग तो डब्याडब्यातून पुढे सरकत आमच्यापर्यंत पोचायचा आणि मांडणीवरची पितळी भांडी किणकिणायची. त्या किणकिणीवरून गाडी भरलेली आहे की रिकामी, हे आईला कळायचं असं ती म्हणायची. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. पुढे स्टुडिओ, मध्ये काळा पडदा लावलेली डार्करूम आणि मागे राहायच्या दोन खोल्या. डार्करूममधल्या औषधांचा आंबूस वास आणि चुलीवरच्या बाजरीच्या भाकरीचा वास पडद्यापाशी एकमेकांत मिसळायचे. अजूनही कुठे लोणच्याची बरणी उघडली की मला क्षणभर तो पडदा आठवतो आणि पलीकडून आता आत्याचा खोकला ऐकू येईल असं वाटतं.

घरात आम्ही चौघं. आण्णा, आई, मी आणि आण्णांची धाकटी बहीण शालूआत्या. आत्याला लहानपणी देवी आल्या होत्या. त्यातून ती जगली, पण चेहऱ्यावर त्यांची खूण राहिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. पाखरांनी दाणे टिपून नेलेलं बाजरीचं कणीस दिसतं तसे तिचे गाल दिसायचे. मला ते कधी वेगळे वाटले नाहीत, कारण मी डोळे उघडल्यापासून तोच चेहरा माझ्या तोंडावर वाकलेला पाहिला होता. माझी वेणी तीच घालायची. थंडीत हुलग्याची शेंगोळी करायची ती तीच. पिठाच्या बारीक वळ्या दोन तळव्यांत फिरवताना तोंडानं काहीतरी गुणगुणायची, आणि आई म्हणायची, "वन्सं, तुमचं गाणं संपायच्या आत रस्सा आटंल." जेवायला बसलो की आत्या सगळ्यात शेवटी बसायची आणि तव्याला चिकटलेला ठेचा भाकरीनं पुसून घ्यायची. तो आमच्या घरातला सगळ्यात चांगला घास, असं तिचं मत होतं.

स्टुडिओत तिचं काम निगेटिव्हवर पेन्सिल लावण्याचं. उताराचं एक लाकडी मेज होतं, त्यात मधोमध काच आणि खाली आरसा. डार्करूमच्या खिडकीची झडप उघडली की तिच्यातला उजेड आरशावरून निगेटिव्हमधून वर यायचा आणि आत्या टोक काढलेली पेन्सिल घेऊन त्यावर वाकायची. चेहऱ्यावरचा खड्डा निगेटिव्हमध्ये पांढुरका, मोकळा दिसतो. तो शिशानं हलकेच भरला की छापताना तिथली सावली नाहीशी होते. लग्नाला आलेल्या मुलींच्या पुटकुळ्या, म्हाताऱ्यांच्या गालावरचे चामखीळ, कुणाच्या कपाळावरची खोक, सगळं तिच्या हाताखालून साफ होऊन जायचं. माणसं आपला फोटो बघून खूश व्हायची आणि म्हणायची, "आण्णा, क्यामेरा लई भारी हाय तुमचा." आण्णा हसायचे. आत्या पडद्यामागे असायची.

आण्णांची खासियत मात्र दुसरीच होती. आमच्या भागात त्याला धुक्याचा फोटो म्हणायचे. रेल्वे कॉलनीत रॉबिन्सन नावाचे एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. त्यांना फोटोचा फार नाद. सुरुवातीला त्यांनीच आण्णांना बाईसाहेबांचा एक जुना काळा पायमोजा आणून दिला आणि तो लेन्सवर ताणून बांधायला शिकवलं. आण्णांनी उदबत्तीच्या टोकानं त्याला मधोमध भोक पाडलं, म्हणजे चेहरा नीट आणि कडा मऊ. पुढे रॉबिन्सनसाहेब मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले, तेव्हा सामान आवरताना त्यांनी आण्णांना एक गोल काच दिली. तिला लोखंडी कडं होतं आणि काचेवर बारीक बारीक उंचवटे, पाण्याचे शिंतोडे उडून तिथंच गोठावेत तसे. ही काच लेन्सपुढे चढवली की जिथे उजेड आहे तिथून तो जरासा सांडतो आणि शेजारच्या सावलीत उतरतो. डोळे डोळेच राहतात, पापण्या दिसतात, पण कातडीवरच्या खड्ड्यांतली सावली पातळ होते. केसांच्या कडेला आणि नथीच्या मोत्याला एक प्रभा येते. दुसरे फोटोग्राफर साध्या काचेला व्हॅसलीन फासायचे. आण्णांना ते आवडत नसे. "मेणाची बाहुली हुती त्यानं," म्हणायचे. "धुकं कसं असावं? मानूस त्यातनं चालत यावा."

मी आजही हेच काम करते. माझा कॅमेरा आता मुठीएवढा आहे आणि काचा पुण्याहून डबीतून येतात. त्यांना मिस्ट म्हणतात, त्यावर पाव, अर्धा, एक असे आकडे असतात, आकडा वाढला की धुकं वाढतं. कोरेगावच्या पुढच्या कंपन्यांत कामाला असणारी मुलंमुली लग्नाआधीचे फोटो काढायला भीमेच्या काठी येतात आणि मी बॅग उघडायच्या आत म्हणतात, "मॅम, मिस्ट लावा ना, सिनेम्यासारखं यायला पाहिजे." मी पावाची काच लावते. संध्याकाळच्या उन्हात, सूर्य मुलीच्या मागे ठेवून. त्यांच्या फोनमध्येही चेहरा गुळगुळीत करायची सोय असते, पण ती चेहरा पुसून टाकते. काच काही पुसत नाही, फक्त इथला उजेड तिथे नेते. हे मी त्यांना समजावून सांगत नाही. त्यांना घाई असते, आणि मलाही ऊन जायच्या आत उरकायचं असतं. कधी कधी मात्र एखादी मुलगी मान वळवते, कानामागून ऊन येतं, काचेत ती प्रभा उमटते आणि मी बटण दाबायला विसरते.

आण्णांनी त्या काचेतून काढलेला सगळ्यात सुंदर फोटो आत्याचा होता. दिवाळीच्या सुमारास केव्हातरी त्यांनी तिला जबरदस्तीनं खुर्चीवर बसवलं. डोक्यावरून पदर, मान किंचित डावीकडे, मागून एक दिवा. निगेटिव्ह धुऊन आल्यावर आत्यानं स्वतःच पेन्सिल घेतली आणि काचेतून जे काही उरलंसुरलं निसटलं होतं तेही भरून टाकलं. आण्णांनी तो मोठा करून शोकेसमध्ये मधोमध लावला. रस्त्यानं येणारे-जाणारे थांबायचे. बाहेरगावच्या लोकांना ती कुणी नटी वाटायची. गावातल्यांना ठाऊक होतं, पण ते काही बोलायचे नाहीत. आत्या रोज सकाळी शोकेसची काच ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुसताना फोटोकडे बघायची नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

अशातच एका रविवारी सर आले. त्यांचं नाव विश्वास, पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत सरच राहिले. शिरूरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. मोठा भाऊ रेल्वेत होता, दौंडला क्वार्टरमध्ये राहायचा, आणि त्यांचे वडील अंथरुणाला खिळून भावाकडे होते. म्हणून सर दर रविवारी न्हावऱ्यामार्गे येणाऱ्या एस.टी.नं यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. त्या दिवशी आण्णा भांडगावला एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते. काउंटरला आत्या होती आणि मी बाकावर अभ्यासाचं नाटक करत बसले होते. सर बाहेर बराच वेळ शोकेससमोर उभे राहिले. मग आत आले, चपला दारात काढल्या. स्टुडिओत कुणी चपला काढत नसे.

"बाहेर मधला फोटो आहे," ते म्हणाले, "त्या कोण?"

दारातून येणारं ऊन सरळ आत्याच्या तोंडावर होतं. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ते तिच्याकडेच बघून विचारत होते.

आत्या म्हणाली, "बहीण माझी."

"इथंच असतात?"

"न्हाई. लगीन झालं तिचं. सांगलीला दिली."

सरांनी मान हलवली. मग पिशवीतून वडिलांचा एक जुना फोटो काढला. वडील तरुण, फेट्यात, फोटोला मधोमध घडी पडून चेहरा चिरलेला. तो पुन्हा नीट करून मोठा हवा होता. आत्यानं फोटो घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "यळ लागंल." ते म्हणाले, "लागू द्या." ते गेल्यावर ती मेजापाशी जाऊन बसली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं आणि काढतच राहिली.

त्यानंतर दर रविवारी सर यायचे, फोटोचं काम कुठवर आलं ते बघायला. आण्णांचे रविवार लग्नसराईत बाहेरच जायचे. आई चहा करून पडद्याशी ठेवायची आणि मी तो पुढे आणून द्यायची. काम तसं झपाट्यानं होण्यासारखं होतं, पण आत्यानं ते लांबवलं. ती आत मेजापाशी बसून बोलायची, सर बाहेर बाकावर, मध्ये पडदा अर्धा ओढलेला. ते मुलांना वढूला चित्रं काढायला घेऊन गेले होते, त्याची गोष्ट सांगायचे. घोडनदीच्या पात्रात वाळू कशी दिसते ते सांगायचे. शिरूरची जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात, तसंच तेही म्हणायचे. मग केव्हातरी बोलणं त्या फोटोतल्या बहिणीवर यायचं आणि आत्या सांगायला लागायची.

ती बहीण तिनं अशी उभी केली की काय सांगू. नाव मालू. मालूचा नवरा सांगलीला बँकेत होता. घराच्या परसात आंब्याचं झाड होतं, त्याच्या फांद्या खिडकीत यायच्या आणि मोहोर आला की मालू खिडकी बंदच करायची नाही, सगळ्या घरभर मोहोर पडायचा. मालूला पोहता यायचं. लहानपणी भीमेच्या डोहात ती पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आली होती आणि आजोबांनी तिला मारायला काठी उचलली, तर ती हसली. मालूला कशाचं म्हणून भ्याच न्हाई, आत्या म्हणायची. सर ऐकत राहायचे. मीही ऐकत राहायची. मला तर माहीत होतं की अशी कुणी नाही. तरी मी रात्री अंथरुणात पडल्यावर त्या दुसऱ्या आत्याचा विचार करू लागले. ती दिवाळीला येईल, मला डोहात नेईल, असं वाटायचं. जे माणूस नाहीच त्याची वाट बघण्याची माझी ती पहिली वेळ. नंतर आयुष्यात जी माणसं होती आणि गेली त्यांचीही वाट पाहिली, पण ती सवय तिथं लागली.

एका रविवारी आण्णा घरी होते. फोटो तयार झाला होता. चेहऱ्यावरची चीर गेली होती, फेट्याचा पीळ न् पीळ पुन्हा दिसत होता. सरांनी तो बराच वेळ हातात धरला. वडिलांची तब्येत उतरणीला लागली होती. आण्णांनी त्यांना आत मागच्या खोलीत जेवायलाच बसवलं. भीमेचे मासे होते त्या दिवशी, आईनं तळले होते, आणि आत्या नेहमीप्रमाणे वाढत होती. सर जरा मोकळे झाले आणि आण्णांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात सांगलीला शिबिर आहे आमचं. मालूताईंना काही निरोप, काही सामान द्यायचं असलं तर नेईन."

आण्णा काटा काढता काढता थांबले. "कोन मालूताई?"

"तुमच्या धाकट्या बहीण. शोकेसमधल्या."

"सर, मला एकच बहीन हाय," आण्णा म्हणाले. "ही काय, तुमाला वाढतीया."

यार्डात धक्का बसला आणि भांडी किणकिणली. आत्याच्या हातात भाकरीची परडी होती. तिनं ती खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पुढे स्टुडिओत निघून गेली. सर ताटावरून उठले. आई "सर, बसा हो, जेवा" म्हणत राहिली, पण ते हातही न धुता बाहेर गेले, रस्त्यावर, शोकेससमोर. मी दारातून बघत होते. ते फोटोकडे बघत होते, डोळे बारीक करून, चित्र काढणारी माणसं बघतात तसे. मग ते आत आले. आत्या फोटोच्या खुर्चीवर बसली होती. डोक्यावर पदर नव्हता.

"दादा," ती आण्णांना म्हणाली, "काच काढ. एक फोटू घे."

आण्णा म्हणाले, "शाले, आत्ता कशाला? जेवून घे आधी."

"काच काढ म्हनते. आन् दिवा हितनं लाव, समोरनं न्हाई. कडंनं."

कडेनं दिवा लावला की चेहऱ्यावरचा प्रत्येक खळगा उठून दिसतो. हे तिच्याइतकं आम्हां कुणाला माहीत होतं? आण्णा कॅमेऱ्यापाशी गेले, काचेला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मी तुला कवा वंगाळ म्हनलं का गं? सांग की. कवा म्हनलं?"

"न्हाई दादा," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. "म्हनला न्हाईस. पर कवा नीट बघितलं बी न्हाईस."

आण्णांनी काच काढली. काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. फोकस नीट करत असतील, असं मी तेव्हा समजले. कापड हलत होतं. फोटो निघाला. आत्या उठली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"फुडच्या रविवारी तयार असंल," ती म्हणाली. "पेन्सिल लावनार न्हाई. घरी दाखवा, न्हाईतर टाकून द्या. तुमच्यापाशी खोटं बोलले, म्हनून ह्यो खरा देते."

सरांनी रुमालाला हात पुसले. मग म्हणाले, "तो आंबा तरी खरा आहे का?"

"कुटला?"

"सांगलीचा. खिडकीतला."

"न्हाई," आत्या म्हणाली.

"त्याचं मला वाईट वाटतंय," सर म्हणाले. "मालूचं नाही. मालूबद्दल मी विचारायचो ते तुम्ही बोलावं म्हणून."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं वळून पाणी मागितलं. ते कुणाला द्यायचं होतं कोण जाणे, पण आई लगबगीनं तांब्या घेऊन आली आणि तो सरांनीच घेतला.

पुढच्या रविवारी सर येऊन फोटो घेऊन गेले. पाकिटातून काढून त्यांनी तो आमच्यासमोर पाहिलाही नाही, वहीत सरळ ठेवला. त्यानंतर ते आले नाहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला. आई आण्णांना म्हणाली, "मानूस चांगलं वाटलं हुतं." आण्णा लेन्स पुसत राहिले. आत्या पूर्वीसारखीच कामाला बसायची, शोकेस पुसायची. फरक एवढाच की रविवारी दुपारी ती पडदा अर्धा ओढायची नाही, पूर्ण उघडा ठेवायची, आणि एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की हातातली पेन्सिल निगेटिव्हपासून दूर धरायची. हात हलला तर काम बिघडेल म्हणून. मी बाकावर बसून रस्त्याकडे बघायची. मला सर यायला हवे होते आणि यायला नको होते. ते आले तर आत्या जाणार, एवढं समजण्याइतकी मी मोठी झाले होते.

मग कळलं की त्यांचे वडील गेले. पंधरवडा उलटून गेल्यावर एका सकाळी सर आले, डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस, आणि बरोबर एक ठेंगणी म्हातारी. त्यांची आई. तिच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं. ती दारातच थांबली, कमरेवर हात ठेवून स्टुडिओभर नजर फिरवली आणि काउंटरमागे उभ्या आत्यावर आणून ठेवली. आण्णांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. आत्याजवळ गेली, तिच्या हनुवटीला बोटं लावून तोंड उजेडाकडे वळवलं, भाजीवालीसमोर दुधी फिरवून बघावा तसं.

"फोटूपरीस बरी हायेस की," ती म्हणाली. "त्या फोटूत तर येवढं काळं दिसतंय, मी म्हनलं, पोरगं कुटं पडलं इहिरीत." मग तिनं आण्णांकडे पाहिलं. "ह्याच्या बापाचा फोटू हिनंच केला न्हवं? शेवटच्या दिवसांत त्यो उशाला हुता त्यांच्या. म्हनायचे, मी असा हुतो, बघा. येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवायचे." तिचा आवाज जरा ओला झाला, पण लगेच तिनं तो सावरला. "पोरी, सैपाक येतो का?"

"येतो," आत्या म्हणाली.

"शेंगोळी?"

आई मागून म्हणाली, "आजी, तेवढं इचारू नगा. त्या बाबतीत आमीच वन्संच्या दारात वाडगं घिऊन उबं असतो."

जातीचा प्रश्न नव्हता, दोन्ही घरं एकाच समाजातली. असता तर ही गोष्ट तिथंच थांबली असती, हे मी आज लिहून ठेवते. उरला आण्णांचा प्रश्न. त्यांनी नाही म्हटलं नाही. लग्न ठरल्यापासून मात्र ते घरात फारसे थांबेनात. यार्डाच्या कुंपणाशी जाऊन गाड्या बघत बसायचे. लग्नात सगळ्या गावाचे फोटो काढणारे आण्णा, बहिणीच्या लग्नात त्यांनी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला. "मला बघू द्या," एवढंच म्हणाले. मांडवात ते शेवटपर्यंत आत्याच्या समोर उभे होते, अक्षता टाकायच्याही विसरले.

आत्या शिरूरला गेली आणि आमच्या घरात मोठी पोकळी पडली. निगेटिव्हवर पेन्सिल लावायला मी बसू लागले. पहिल्या महिन्यात मी एका नवरदेवाच्या गालावर असा पांढरा डाग उठवला की तो म्हणाला, ह्यो चुना कुणी लावला. घरात शेंगोळी होईनाशी झाली. स्टुडिओत मुली अजून धुक्याचा फोटो मागायच्या, आण्णा काच चढवायचे, पण आधी एकदा ती न चढवता कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून मुलीकडे नुसतं बघायचे. मुली लाजायच्या. ही सवय त्यांना पूर्वी नव्हती. माझ्यात ती त्यांच्याकडूनच आली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आत्याकडे गेले. पहिल्यांदाच एकटी, एस.टी.नं. घरून निघताना माझ्या मनात पक्कं होतं की तिला सांगायचं, आत्या, तू परत ये, नाही तर थोडे दिवस तरी ये, आमचं काहीच धड चालत नाही. शिरूरच्या स्टँडवर ती मला घ्यायला आली होती. मी तिला लांबून ओळखलं नाही, कारण ती भराभर चालत होती आणि रस्त्यातल्या दोघा-तिघांशी मोठ्यानं बोलत होती. आमच्याकडे ती कधी रस्त्यावर बोलायची नाही. तिचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, दारात तुळस आणि सरांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेला माठ. सासू दिवसभर तिला नावं ठेवायची आणि तिच्याच हातचं जेवायची. शेजारच्या बाया दुपारी तिच्याकडे वाळवणं घेऊन यायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. पाणी थोडंसंच होतं, वाळूच जास्त. आत्यानं चपला हातात घेतल्या, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यात उतरली, डोहाकडे, कमरेपर्यंत. मी काठावरून ओरडले, "आत्या, तुला पोहता कुठं येतं?"

"सर शिकीवत्यात," ती म्हणाली, आणि पाण्यावर आडवी झाली.

ती चार हात मारून परत आली, धापा टाकत, केस चेहऱ्याला चिकटलेले, गालावरच्या प्रत्येक खळग्यात ऊन. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. आत्या जाऊन आता काही वर्षं झाली. तिचे कितीतरी फोटो माझ्यापाशी आहेत, लग्नातले, बारशातले, म्हातारपणचे, मी स्वतः काढलेलेसुद्धा. पण त्या दुपारी माझ्यापाशी कॅमेरा नव्हता. असता तर मी काच लावली असती का, हे मला सांगता येणार नाही. बहुतेक मी तशीच बघत बसले असते.

निघायच्या दिवशी तिनं मला दशम्या बांधून दिल्या, वेणी घालून दिली आणि स्टँडवर आली. मी म्हणेन म्हणेन म्हणत होते. तिनं आईची विचारपूस केली, आण्णांचा गुडघा विचारला, माझी शाळा विचारली. स्टुडिओबद्दल एक शब्द विचारला नाही. मेज कुणाकडे आहे, पेन्सिल कोण लावतं, काहीच नाही. गाडी लागली. तिनं मला वर चढवलं आणि गाडी हलण्याआधीच पाठ करून निघाली, घरी पापड वाळत घातले होते, ते गोळा करायचे होते. मी आतल्या बाजूला बसले होते, तिला बघायला मान लांब करत होते. परत ये, हे म्हणायचं राहूनच गेलं. गाडी गावाबाहेर पडल्यावर मला रडू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. खिडकीशी एक बाई बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी. तिनं माझ्याकडे पाहिलं. पाटी उचलली, उठली आणि खिडकीची जागा मला दिली.